स्लॅबमधली भेग आणि पाण्याची वाट

मृग लागायच्या आधी पंधरा दिवस मुंबई-ठाण्याच्या कुठल्याही उपनगरात वर नजर टाकली, तर गच्च्यांवर निळ्या ताडपत्र्या चढताना दिसतात. कडांना दोऱ्या ताणल्या जातात, वर विटा ठेवल्या जातात आणि शेवटच्या मजल्यावरची माणसं सुटकेचा श्वास सोडतात, की हे वर्ष निभावलं. ऑक्टोबरात ताडपत्री उतरते, छतावरच्या डागांवर रंगाचा हात फिरतो आणि गळतीचा विषय पुढच्या मे महिन्यापर्यंत मिटतो.

आमच्या डोंबिवलीच्या घरात स्वयंपाकघराच्या छतावर ताटाएवढा डाग होता. चार वर्षं दर दिवाळीला रंगारी तो खरवडायचा, पुट्टी भरायचा, रंगाचे दोन हात द्यायचा. होळीपर्यंत डाग परत हजर. पाचव्या वर्षी गिलाव्याचा पोपडा ओट्यावर पडला आणि आतली सळई दिसली. बोटानं चोळली तर तिचे पापुद्रे हातात आले. आम्ही सगळे पावसाला बोल लावत होतो, पण पाऊस होळीला नसतो, हे आमच्यातल्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पाणी वरच्या न्हाणीघरातल्या एका सुटलेल्या सांध्यातून येत होतं. रंगावर गेलेले पैसे मी विसरलो. आत सळई गंजत असताना आम्ही चार वर्षं बाहेरून रंग देत राहिलो, हे मात्र विसरता येत नाही. तेव्हापासून या विषयाचा जो अभ्यास करता आला, त्यातून एक गोष्ट पक्की झाली. गळतीवर औषधं बाजारात रग्गड आहेत. टंचाई आहे ती पाण्याची वाट शोधून काढणाऱ्यांची.

आपली जुनी घरं पाण्याशी वेगळ्या रीतीनं वागत. कोकणातलं कौलारू घर पाणी अडवायला जात नसे, ते त्याला उतार देई. पडवीच्या बाहेर लांब आलेली वळचण, तिच्याखाली पागोळ्यांनी पाडलेली रेघ आणि झड येते त्या बाजूच्या भिंतीला पावसाळ्यापुरते बांधलेले माडाचे झाप, एवढ्यावर जांभ्याच्या भिंती पिढ्यान्पिढ्या उभ्या राहिल्या. देशावर, विशेषतः सोलापूर आणि मराठवाड्याकडे, पाऊस कमी म्हणून माळवदं. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर आणि पावसाच्या तोंडावर वर पसरलेली पांढरी माती. हा थर चढवला दरसाल जाई, उतरवला क्वचितच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती ढासळल्या, तेव्हा वर साठलेलं हेच वजन झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. हे इथे मुद्दाम सांगतो आहे, कारण सिमेंटच्या गच्चीवर आज आपण त्याच वाटेनं चाललो आहोत. त्याबद्दल पुढे.

इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिननं पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं ते १८२४ साली. काँक्रीटमध्ये लोखंड घालायची कल्पना रुजवणाऱ्यांत जोसेफ मोनिए हा फ्रेंच माळी होता. झाडांच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून त्यानं त्यांत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ मध्ये पेटंट घेतलं. मुंबईत १९३० च्या दशकात मरीन ड्राइव्हवर आरसीसीच्या इमारतींची रांग उभी राहिली. त्या घडवणाऱ्यांना इथल्या पावसाची जाण होती. खिडक्यांवर भुवईसारखे लांब छज्जे काढलेले आजही दिसतात. पुढे घरं भराभर वाढली, छज्जे आखूड होत गेले आणि सपाट स्लॅब ही गावोगावची हौस झाली. कौलं उतरवून स्लॅब टाकणं म्हणजे घर ‘पक्कं’ करणं, असा समज पसरला. उताराचं छप्पर पाण्याला पळवतं आणि सपाट स्लॅब त्याला थांबायला जागा देतो, हा फरक त्या हौसेत मागे पडला.

काँक्रीट दाबाला कणखर आणि ताणाला दुबळं. ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी. म्हणून ताणाच्या बाजूला सळया घालाव्या लागतात. काँक्रीटला बारीक भेगा जाणार, हे नियमसंहितेनंही धरलेलं आहे. आयएस ४५६ : २००० या संहितेत भेगेची रुंदी साधारणपणे ०.३ मिलिमीटरपर्यंत चालते, सतत ओल असेल तिथे ०.२ आणि कडक परिस्थितीत ०.१. त्यामुळे केसासारखी रेघ दिसली म्हणून घाबरून जायचं कारण नाही. इतक्या बारीक भेगा कधी कधी पाण्यात विरघळलेल्या चुन्यानं आपोआप बुजतातही. काळजी करायची ती सळईची.

ताजं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं. त्याचा पीएच साडेबारा-तेराच्या घरात असतो आणि त्या वातावरणात सळईवर एक सूक्ष्म संरक्षक पापुद्रा धरतो. गंज त्याच्यापुढे चालत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र वर्षानुवर्षं आत झिरपतो, चुन्याशी संयोग पावतो आणि काँक्रीटचा पीएच उतरवत नेतो. तो नऊच्या आसपास आला की सळईचं कवच गेलं. मग पाणी आणि प्राणवायू पुरे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो; ती जागा त्याला काँक्रीट फोडूनच मिळते. सळईच्या रेषेत सरळ जाणारी भेग, फुगलेला गिलावा, मग खाली पडणारा पोपडा, हा क्रम त्यातून येतो. कार्बन कोरड्या दिवसांत जोमानं शिरतो आणि गंज ओल्या दिवसांत चढतो. आपल्याकडे आठ महिने एकाचे, चार महिने दुसऱ्याचे.

सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीला गवंडी ‘कव्हर’ म्हणतात. ही जाडी किती महत्त्वाची, ते एका हिशेबावरून कळेल. कार्बन आत शिरतो तो काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. दहा मिलिमीटर शिरायला चार वर्षं लागली, तर वीस मिलिमीटरला आठ नव्हे, सोळा लागतील. म्हणजे कव्हर निम्मं ठेवलं की सळईचं आयुष्य चौथाईवर आलं. १९७८ च्या संहितेत साध्या परिस्थितीत स्लॅबला किमान १५ मिलिमीटर कव्हर चालत असे. २००० च्या संहितेनं साध्या हवेत २० आणि समुद्रकिनाऱ्याच्या हवेत ४५ मिलिमीटर सांगितलं. पण कागदावरचं कव्हर आणि साइटवरचं कव्हर यांत माणसाचा पाय येतो. सळयांखाली ठेवलेले ठोकळे सरकतात, ओतकामाच्या वेळी मजूर जाळीवरून चालतात, सळया फळीला टेकतात. वीस-पंचवीस वर्षांनी छताच्या पोटात दिसणाऱ्या सळयांची जाळी बहुधा त्या एका दिवसात ठरलेली असते.

किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे. मिठातलं क्लोराइड सळईवरचं कवच जागोजाग भोसकतं, त्याला पीएच उतरायची वाट पाहावी लागत नाही. ते समुद्राच्या वाऱ्यातून येतं, खाडीच्या वाळूतून येतं, मचूळ पाण्यातून येतं. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला. त्याला उभारून दोन दशकंही झाली नव्हती आणि कारण होतं त्याच्या आतल्या ताणलेल्या पोलादी तारांचा गंज. घराच्या स्लॅबमध्ये तशा तारा नसतात आणि घर तसं एकाएकी सहसा पडत नाही. पण रत्नागिरीच्या किंवा वसईच्या घराला पुण्याच्या घराइतकंच कव्हर ठेवणाऱ्या मालकानं मांडवीचा पूल आठवावा.

आणि काँक्रीटमधलं पाणी. पन्नास किलोच्या गोणीला किनाऱ्याच्या हवेत ०.४५ च्या प्रमाणानं साडेबावीस लिटर पाणी पुरतं. माल पातळ असला की ओतायला सोपा, म्हणून पाइप सोडला जातो. जादा पाणी पुढे उडून जातं आणि मागे सूक्ष्म नळ्यांचं जाळं ठेवून जातं. तीच पुढे गळतीची वाट. उलट ओतल्यानंतर काँक्रीटला पाणी हवं असतं, तेव्हा ते मिळत नाही. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस ते ओलं राहिलं पाहिजे. आज बाजारात मिळणारं बहुतेक सिमेंट दुसऱ्या प्रकारचं आहे, पण गवंड्याच्या डोक्यात अजून सात दिवसही नसतात. आळी करून पाणी साठवायचं, गोणपाट ओले ठेवायचे, एवढंच काम. घर बांधणाऱ्यानं एका गोष्टीसाठी साइटवर बसून राहायचं झालं, तर ती हीच असावी.

आता भेग वाचायची कशी? बांधकामात मुरलेल्या माणसाला भेगेची दिशा पुरते. वीटकाम आणि काँक्रीटचा खांब किंवा तुळई यांच्या सांध्यात सरळ उभी-आडवी जाणारी भेग बहुतेक वेळा दोन मालांच्या वेगवेगळ्या प्रसरणाची. तिथे गिलाव्याआधी कोंबडीची जाळी मारली असती तर ती दिसलीच नसती. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग लिंटेल आखूड असल्याची किंवा आकुंचनाची. भिंतीत पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी भेग पाया खचल्याचं सांगते. काळ्या मातीच्या मुलखात, जिथे जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, ती दरवर्षी उघडमीट करते. सळईला समांतर भेग गंजाची. तुळईच्या टोकाशी, खांबाजवळ, साधारण पंचेचाळीस अंशांत तिरकी भेग दिसली, तर रंगाऱ्याला बोलावू नये. त्याच दिवशी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावावं. खांबातली उभी भेगही त्याच तातडीची.

भेग चालू आहे की थांबली, हेही कळायला हवं. त्याला यंत्र लागत नाही. तिच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटवावी आणि तारीख लिहावी. भेग हलती असेल तर काच तडकते. टोकाला पेन्सिलीची खूण करून तारीख टाकली तरी सहा महिन्यांत भेग कुठवर सरकली ते दिसतं. मोठ्या इमारतीची तपासणी यापुढे जाते. हातोडीनं ठोकत गेलं की पोकळ गिलावा बद्द वाजतो. रिबाउंड हॅमरनं पृष्ठभागाचा कठीणपणा, ध्वनिलहरींच्या वेगावरून आतली घनता, अर्धघटाच्या चाचणीतून गंजाची शक्यता कळते. फेनॉल्फ्थॅलिनची चाचणी मला सगळ्यांत बोलकी वाटते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर हा द्रव शिंपडला की निरोगी भाग गडद गुलाबी होतो आणि कार्बननं खाल्लेला भाग तसाच करडा राहतो. गुलाबी रेघ सळईच्या मागे गेलेली दिसली, की सोसायटीच्या सभेत आणखी भाषण करावं लागत नाही.

थांबलेली, कोरडी आणि इमारतीच्या ताकदीशी संबंध असलेली भेग असेल तर तिच्यात पातळ इपॉक्सी दाबानं भरतात. तो दोन्ही कडा सांधून काँक्रीट पुन्हा एकजीव करतो. भेगेतून पाणी चालू असेल तर पॉलियुरेथेनचं ग्राउट, जे पाण्याशी संयोग होताच फेसाळून फुगतं आणि वाट बुजवतं. ताकद मात्र त्यातून येत नाही. हलत्या भेगेत कडक माल भरणं हा सगळ्यांत जास्त दिसणारा गुन्हा आहे. तिथे इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच काढून लवचीक सीलंट भरायला हवं, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात जुन्या भेगेच्या शेजारी बोटभर अंतरावर नवी भेग येते आणि मालाला दोष दिला जातो. भेगेत सिमेंटची राळ चोपडणं म्हणजे जखमेवर कागद चिकटवणं.

गंजलेल्या सळईची दुरुस्ती कष्टाची आहे आणि तिथेच हात आखडतो. सैल झालेलं सगळं काँक्रीट काढायचं, सळईच्या मागेही बोट जाईल इतकं. तारेच्या ब्रशनं किंवा वाळूच्या माऱ्यानं सळई उघडी चकचकीत करायची. जाडी फार घटली असेल तर नवी सळई जोडायची. मग गंजरोधक लेप, जुन्या-नव्याला जोडणारा लेप, आणि पॉलिमर मिसळलेला मसाला थराथरानं किंवा साचा बांधून ओतलेलं मायक्रोकाँक्रीट. प्रत्यक्षात परांचीवर लोंबकळणारा मजूर पुढची बाजू ठोकतो, गंजावरच लेप मारतो आणि मसाल्याचा हात फिरवतो. खालून पाहणाऱ्याला दोन्ही कामं सारखीच दिसतात. मिठानं बाधलेल्या इमारतीत तर नीट केलेल्या ठिगळाच्याही कडेला वर्ष-दोन वर्षांत गंज उफाळू शकतो, कारण नव्या मसाल्यातली सुरक्षित सळई आणि शेजारच्या जुन्या काँक्रीटमधली सळई यांत विद्युतघट तयार होतो. अशा ठिकाणी सळईला जस्ताचे ठोकळे बांधतात, म्हणजे सळईऐवजी जस्त झिजतं. हे सगळं गिलाव्याआड जातं, म्हणून दुरुस्तीचं काम झाकण्याआधी पाहावं, फोटो काढावेत आणि मगच पुढचा थर चढू द्यावा.

गच्चीकडे येऊ. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. मुंबईत वर्षाला सरासरी २,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर सव्वादोन लाख लिटरच्या घरात पाणी येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तेवढ्याच गच्चीवर एका दिवसात ९४,४०० लिटर पाणी पडलं. हे पाणी थांबवायचं साधन जगात नाही. ते उतरवायचं असतं. शंभरास एक इतका उतार, पाइपाची तोंडं पुरेशी आणि मोकळी, कठड्याच्या पायथ्याशी गोलसर वाटा: एवढं नीट असेल तर साधा लेपही वर्षानुवर्षं काम देतो. उतार चुकला असेल तर महागड्यातला महाग लेपही डबक्याखाली सडतो. ऊन आणखी निराळं काम करतं. वीस मीटर लांबीचा स्लॅब पंचवीस अंशांनी तापला की जवळजवळ पाच मिलिमीटर लांबतो. मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर पहिली सर येते तेव्हा तो काही मिनिटांत आक्रसतो. कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातली भेग दरवर्षी परत येते ती यामुळे.

आपल्याकडे गच्चीचं रूढ औषध म्हणजे कोबा. स्लॅबवर विटांचे तुकडे मसाल्यात बसवायचे, त्यातून उतार साधायचा, वर गिलावा किंवा फुटक्या लाद्यांचं चायना मोझॅक. पद्धत चांगली आहे. विटा उष्णता रोखतात, उतार मिळतो, कारागीर मिळतात. पण कोबा फुटला आणि आत पाणी शिरलं की तो स्पंजासारखं ते धरून ठेवतो, पाऊस थांबल्यावरही आठवडाभर खाली ठिबकत राहतो, आणि गळणारी जागा व पाणी शिरलेली जागा यांत दहा-पंधरा फुटांचं अंतर असू शकतं. मग काय होतं? जुना कोबा काढायचा खर्च आणि धूळ नको म्हणून त्याच्यावर दुसरा. साडेबारा सेंटिमीटरच्या स्लॅबचं स्वतःचं वजन चौरस मीटरला सुमारे ३१० किलो. तेवढ्याच जाडीचा कोबा अडीचशे किलोच्या आसपास जातो. दोन कोबे म्हणजे स्लॅबला स्वतःपेक्षा जड ओझं, आणि तेही आतल्या सळया गंजायला लागलेल्या वयात. माळवदावर माती चढवत गेलेल्या पिढ्यांना हा हिशेब कुणी सांगितला नव्हता. आपल्याला तो ठाऊक आहे. जुना कोबा काढल्याशिवाय नवा घालू नये, हे माझं ठाम मत आहे, खर्च दीडपट झाला तरी.

हलके पर्याय पुष्कळ आहेत. ॲक्रिलिकचे पांढरे लेप उष्णताही परतवतात, पण साचलेल्या पाण्यात टिकत नाहीत. पॉलियुरेथेनचा लेप लवचीक असतो, पण ओल्या पृष्ठभागावर मारला तर फोड येतात. डांबरी मेंब्रेन गॅसच्या ज्योतीनं चिकटवतात. तिचा जीव सांध्यांत असतो. सगळ्यांचं वैर ओलीशी, म्हणून ही कामं जानेवारी ते एप्रिलमध्ये व्हायला हवीत. आपल्या सोसायट्यांची सभा मेमध्ये होते, काम जूनमध्ये सुरू होतं. शेवटचा इलाज पत्र्याची शेड. महापालिकेची परवानगी घेऊन, वाऱ्याचा हिशेब करून उभारली तर ती शहाणी तडजोड आहे. तिनं उतार परत आणला, एवढंच.

न्हाणीघराची गळती ओळखायला पाण्याची वेळ पाहावी. दिवसरात्र सारखी ठिबकत असेल तर पाणी पुरवणारा पाइप. सकाळी आंघोळीनंतर वाढून दुपारी कमी होत असेल तर फरशी, नहाणी ट्रॅप किंवा सांडपाण्याचा सांधा. फक्त पावसात येत असेल तर बाहेरची भिंत. ट्रॅपला बोळा घालून दोन-तीन इंच पाणी चोवीस तास भरून ठेवलं, की फरशी दोषी की पाइप, याचा निकाल लागतो. जुन्या इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब फूटभर खाली सोडलेला असतो आणि त्यात भरलेली विटांची भर वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसते. बहुतेकदा दोष ट्रॅप आणि फरशी यांच्या सांध्यात सापडतो. लाद्या चमकाव्यात म्हणून ॲसिड टाकायची सवय तर फार वाईट. ॲसिड सिमेंट खातं, लाद्यांमधल्या फटी उघड्या पडतात आणि पाणी खाली उतरतं. फटी इपॉक्सी ग्राउटनं भराव्यात आणि ॲसिडची बाटली घरात आणू नये.

बाहेरच्या भिंतींबद्दल थोडक्यात. झड नैऋत्येकडून येते, म्हणून त्या बाजूच्या खोल्यांत ओल आणि लोणा आधी दिसतो. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी टपकावं म्हणून ठेवलेली खाच रंगकामात बुजवली जाते, खिडकीची खालची कड आतल्या बाजूला उतरती राहते, एसीच्या पाइपासाठी पाडलेलं भोक तसंच सोडलं जातं. पक्ष्यांनी टाकलेल्या बीतून उगवलेलं पिंपळाचं रोप वरवर छाटलं जातं आणि मूळ भेगेत जाड होत राहतं. ते मुळासकट काढून दुसरीकडे लावावं. श्रद्धाही राहते आणि भिंतही. ओल्या भिंतीवर जाड लवचीक रंग चढवला तर ओल आतच कोंडते. आधी भिंत वाळू द्यावी.

तळघर आणि पाण्याच्या टाक्यांचा नियम एकच: पाणी ज्या बाजूनं दाब देतं त्या बाजूनं लेप द्यावा. उलट बाजूनं केलेला लेप पाण्याचा दाब ढकलून देतो, अपवाद स्फटिक तयार करणाऱ्या सिमेंटी लेपांचा.

गळतीत नाती तुटतात. वरचा म्हणतो सोसायटीचं काम, सोसायटी म्हणते वरच्याचं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी ही रेघ ओढलेली आहे. गच्ची, पावसाचं पाणी आणि बाहेरच्या पाइपांची गळती संस्थेच्या खर्चानं. न्हाणीघर, संडास आणि सिंकमधून होणारी आतली गळती त्या सभासदाच्या खर्चानं. माझं मत असं, की खर्च कुणाचाही असो, तपासणी संस्थेनं करावी, कारण स्लॅब दोघांच्या मध्ये असतो आणि सळई सगळ्या इमारतीची असते. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीची तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी उपविधींत सांगितली आहे. बांधकामखर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड जमवायचा नियमही आहे. देखभाल कमी ठेवल्याबद्दल कमिटीची पाठ थोपटली जाते, तेव्हा पुष्कळदा हाच पैसा वाचवलेला असतो. नव्या घरात राहायला गेलेल्यांनी रेरा कायद्याचं कलम १४ वाचून ठेवावं. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरनं तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. गळती लागली की लेखी कळवा. फोनवर बोललेलं पुराव्यात येत नाही.

निविदा काढताना ‘गच्ची वॉटरप्रूफिंग, प्रति चौरस फूट’ अशी एक ओळ लिहून दर मागवले, की सगळ्यांत स्वस्त माणूस येतो आणि दहा वर्षांची हमी स्टँपपेपरवर देतो. हमीच्या कागदापेक्षा कामाचा तपशील जास्त राखतो: जुना कोबा काढणार का, उतार किती, वाटे कसे, कोणत्या मालाचे किती हात, काम झाल्यावर गच्चीत किती तास पाणी भरून दाखवणार. तपासणी करणारा आणि माल विकणारा एकच माणूस नसावा. त्याच्या पिशवीत जे औषध असेल, तोच आजार तो आपल्या घरात शोधेल.

यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात, ताडपत्रीची वर्गणी गोळा करण्याआधी, तुमच्या गच्चीवर जा. पाइपांच्या तोंडांवरच्या जाळ्यांतला पाला हातानं काढा. बादलीभर पाणी चारी कोपऱ्यांत ओता आणि ते कुठे थांबतं तिथे खडूनं वर्तुळ काढा. ती वर्तुळं आणि खालच्या घरांतले डाग एका कागदावर मांडा, आणि इंजिनीअर येईल तेव्हा तो कागद आधी त्याच्या हातात द्या.